पाटी कुणी उचलली?

मामांना मोटार चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सत्तावीस वर्षं शर्यतीच्या गाड्यांपुढे उभे राहिले, पण कामावर यायचे बसनं आणि घरीही जायचे बसनंच. कुणी चिडवलं की म्हणायचे, "गाडी पळवणारे पन्नास मिळतील. थांबवणारा दाखवा एखादा."

थांबवणं हेच त्यांचं काम. शर्यत ऐन रंगात असताना गाडी टायर बदलायला ट्रॅक सोडून आत येते. आत म्हणजे गॅरेजांच्या पुढून जाणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर, पिटलेनमध्ये. तिथं प्रत्येक टीमची जागा आखलेली असते. त्या जागेत, गाडीच्या अगदी नाकासमोर, मामा उभे. हातात लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला ताटाएवढी लाल पाटी. पाटी काचेसमोर आहे तोवर ड्रायव्हरनं जागचं हलायचं नाही. पाटी वर गेली की सुटायचं. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही, त्याला तसं बघताही येत नाही. त्याचा सगळा जीव त्या पाटीत. मामा उचलतील तेव्हा रस्ता मोकळा असणार, एवढ्याच भरवशावर तो गाडी सोडतो.

म्हणून त्यांना सगळे पाटीमामा म्हणत. मालक म्हणत, मेकॅनिक म्हणत, शेजारच्या टीमवालेही म्हणत. लेकीचं लग्न झालं तेव्हा जावयाला सासऱ्याला काय हाक मारायची हा प्रश्नच पडला नाही.

आता यातली गोम ऐका. मामांचे डोळे असायचे चार चाकांवर. चार चाकवाले काम झालं की एकेक हात वर करायचे. चार हात दिसले, गाडी जॅकवरून खाली टेकली, की एकच गोष्ट उरायची: मागून लेनमधून कुणी येतंय का? आणि नेमकं तेच मामांना दिसायचं नाही. समोर गाडी आडवी, माणसं आडवी, वर शेजाऱ्यांच्या टायरांची चळत आडवी. त्यासाठी गाडीच्या मागच्या बाजूला, गॅरेजच्या कोपऱ्यावर एक माणूस उभा असायचा. त्याला म्हणायचे नजरवाला. तो लेनकडे बघायचा आणि वॉकीटॉकीवरून मामांच्या कानात सांगायचा.

त्या सांगण्याचा एक कायदा होता आणि तो मामांनीच केला होता. पंधरा वर्षांपूर्वी एका नजरवाल्यानं 'सोडू नको' असं म्हटलं. बटण दाबून बोलायचं असतं; घाईत बोट आधीच उचललं गेलं, शेपूट तुटलं, आणि मामांच्या कानात पोचलं नुसतं 'सोडू'. नशीब बलवत्तर म्हणून आरसा घासण्यावर निभावलं. त्या दिवशी मामांनी सगळ्यांना गॅरेजमध्ये उभं केलं. म्हणाले, "आपल्या बोलण्यात नकार येतो शेवटी, आणि या डबड्यात तुटतं तेही शेवटच. तेव्हा आजपासून या पिटात 'नको' बंद. 'थांब' आणि 'जा', बास. तिसरा शब्द ऐकू आला तर पाटी खालीच राहील, आणि बोलणाऱ्याचं तोंड मी ग्रीसनं लिंपीन. अहो-जाहोसुद्धा नाही. मालक बोलले तरी मला 'थांब' म्हणतील." मालकांनी मान डोलावली. पंधरा वर्षं त्या दोन शब्दांवर गाड्या सुटल्या, कुणाला ओरखडा आला नाही.

यंदा नजरवाल्याचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. मॅनेजरबाईंनी त्याच्या जागी जावयाला उभं केलं. जावई त्याच टीममध्ये वायरिंगचं बघायचा. हुशार, नजर घारीची. मामांनी खूप हातपाय आपटले. "घरचं माणूस नको हो तिथं."

"नजर त्याची सगळ्यांत चांगली आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "तुमचं घर गेलं उडत."

सरावाच्या तीन दिवसांत मात्र एक भलतीच अडचण आली. जावयाची जीभच वळेना. लग्नाला सहा महिने झालेले, समोर सासरे, आणि त्यांना 'थांब' म्हणायचं? पोरगा घरी मामा आले की अजून खुर्चीवरून उठायचा.

"थांबा, मामा," पहिल्या दिवशी कानात आलं.

"अरे, थांबा नाही. थांब!"

"हो, मामा. थांब... बा."

सगळं गॅरेज लोळलं हसून. "जावईबापू, मानपान गेटच्या बाहेर ठेवा!" जॅकवाला ओरडला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. 'बघा', 'थांबा', 'द्या', 'या', सगळं आदबशीर. मामांचं डोकं फिरलं. "मी इथं तुझा सासरा नाही, खांब आहे खांब! खांबाला कुणी अहो म्हणतं का?" घरी लेकीनंही नवऱ्याला फैलावर घेतलं. "माझ्या बाबांना दोन शिव्या हासड, म्हणजे सुटेल जीभ," ती म्हणाली. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला.

शर्यत चार तासांची. पहिल्या खेपेला गाडी आली, जावई "जा... मामा" म्हणाला आणि गाडी सुखरूप गेली. मामा पुटपुटले, "मामा कशाला? मामा काय गाडीत बसलाय?" पण मनातून हायसं वाटलं. शर्यत तिसऱ्या तासात गेली तेव्हा त्यांची पांढरी गाडी दुसऱ्या नंबरवर होती. दहा वर्षांत एवढ्या वर आली नव्हती. मालक नखं खात उभे होते.

दुसऱ्या खेपेला गाडी आत आली. नाक पाटीपासून वीतभर अंतरावर थांबलं. बंदुकांसारखे पाने कडकडले. एक हात वर. दोन. तीन. मागचं डावं चाक अडलं. मग तोही हात वर आला. गाडी धप्पकन खाली टेकली. ड्रायव्हर इंजिन घुमवायला लागला. आता फक्त कान. कान गच्च उघडे ठेवून मामा उभे.

"मामा, जाऊ दे..."

मामांनी पाटी उचलली.

पुढचं सगळं दोन सेकंदांत झालं. पांढरी गाडी उसळी मारून लेनमध्ये शिरली आणि डाव्या अंगानं येणाऱ्या शेजाऱ्यांच्या निळ्या गाडीच्या कुशीत घुसली. निळी गाडी आपल्या जागेत वळतच होती. ती फिरली, आडवी सरकली, आणि तिची वाट बघत गुडघ्यावर बसलेल्या तिच्याच चाकवाल्यावर गेली. त्याच्या हातातला पाना उडून मामांच्या पायाशी येऊन पडला. आवाज आधी आला की किंकाळी आधी, ते मामांना नंतर कधीच सांगता आलं नाही.

त्या चाकवाल्याची आणि मामांची ओळख अठरा वर्षांची, आणि भांडणही तितकंच जुनं. "तुझी ती टायरांची चळत हलव, मला काही दिसत नाही," हे मामांनी रोज म्हणायचं आणि "तुमची पाटी हलवा की," हे त्यानं रोज म्हणायचं. आता त्याला स्ट्रेचरवर घालत होते आणि त्याचा उजवा पाय भलतीकडेच वळलेला होता. मामा पुढे गेले, पण डॉक्टरांनी हातानंच मागे सारलं.

शर्यत थांबली नाही. ती कधी थांबते? पांढऱ्या गाडीला काळा झेंडा दाखवून बाहेर काढलं, आणि पाच वाजता सगळ्यांना पंचांसमोर हजर राहायचा निरोप आला.

नियम असा होता: गाडी धोका न बघता सोडली तर टीमचा निकाल रद्द. ते तर झाल्यातच जमा होतं. पण माणूस जखमी झाला की पंच एक नाव ठरवतात. ज्याच्या नावावर चूक लागेल त्याचा पिटमध्ये उभं राहायचा पास एक वर्ष जप्त. जावयासाठी ते एक वर्ष म्हणजे एक वर्ष. मामांचं तसं नव्हतं. मामा साडेएकोणसाठ वर्षांचे होते, आणि साठीनंतर नवा पास मिळत नव्हता.

मॅनेजरबाईंनी मामांना टायरांच्या रॅकमागे ओढलं. त्यांचा आवाज दबका होता आणि डोळे लाल.

"पाटी उचलायच्या आधी तुमच्या कानात काय आलं?"

"'जाऊ दे.'"

"वॉकीटॉकीच्या टेपवरही तेवढंच आहे, मी ऐकलंय. म्हणजे तुम्ही सुटलात." त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही जास्त बोलायचं नाही. विचारलं तर सांगायचं, कानात आलं ते केलं. आणि वाटलं तर ती टायरांची चळत काढा, तीही आडवी होतीच."

"आणि पोरगा?"

"पोरगा तिशीचा आहे. वर्षभर गॅरेजच्या आत वायरी जोडेल, पुढच्या वर्षी परत येईल. तुम्ही गेलात तर गेलात, मामा. सत्तावीस वर्षं आणि शेवटी नावावर हे? मला नाही बघवणार."

बाई काही वाईट बोलत नव्हत्या. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि मामांना तेच टोचत होतं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती रडत नव्हती, तिचा आवाज कोरडा होता. "बाबा, हा म्हणतो त्यानं 'जाऊ देऊ नका' म्हटलं. तुम्ही तरी उचललीत."

"मला 'जाऊ दे' एवढंच ऐकू आलं गं."

"म्हणजे तो खोटं बोलतोय?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणता? एक जण खोटं बोलत असणारच ना? मी आता कुणाचं धरू, बाबा?" तिनं थोडी वाट बघितली आणि फोन ठेवला.

जावई गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला उलट्या बादलीवर बसला होता. दुपारपासून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नव्हतं. त्याला वाटत होतं, मामांनी ऐकलं आणि घाईनं उचलली, आता अंग काढून घेतायत. मामांना वाटत होतं, पोरगा घाबरून स्वतःचंच बोलणं बदलून सांगतोय.

पंचांची खोली टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या, भिंतीला टीव्ही, आणि खिडकीतून खाली दिसणारी रिकामी पिटलेन. तीन पंच होते. मधे बसलेल्या मुख्य पंच म्हणजे पासष्टीच्या एक बाई. पूर्वी स्वतः गाडी पळवायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि आवाजात काडीचा चढउतार नाही.

आधी टीव्हीवर टक्कर दाखवली. मग हळू करून दाखवली. निळ्या गाडीचा वेग तपासला. मर्यादा साठची आणि गाडी अठ्ठावन्नवर, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवायची सोय उरली नाही. टायरांची चळत मोजली. आखलेल्या रेषेच्या आतच होती. मग टेप लावली.

"मामा, जाऊ दे..."

पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"ऐकलंत?" मॅनेजरबाई म्हणाल्या. "आमच्या पाटीवाल्यानं सांगितलं तेच केलं. पिटमध्ये यापलीकडे माणूस काय करणार?"

"मी 'देऊ नका' म्हटलं होतं," जावई उभा राहून म्हणाला. "निळी गाडी माझ्या अंगावरून गेल्यासारखी गेली, मी मागे उडी मारली, तेव्हा बटण सुटलं असेल. पण मी म्हटलं होतं. शप्पथ."

"शपथ टेपवर येत नाही," कडेचे पंच म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "तुमच्या पिटात कोणते शब्द ठरलेले आहेत?"

"'थांब' आणि 'जा'."

"मग 'जाऊ देऊ नका' हे यात बसतं का?"

जावई खाली बसला. मुख्य पंचांनी पेनाचं टोपण काढलं. "पाटीवाले, तुमचं काही म्हणणं आहे?"

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मॅनेजरबाई मामांकडे टक लावून बघत होत्या. टेप तीनदा ऐकताना त्यांना काय झालं होतं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. पहिल्या वेळी त्यांनी शब्द ऐकले. दुसऱ्या वेळी त्यांच्या काळजात चर्र झालं. तिसऱ्या वेळी त्यांना लख्ख कळलं होतं की पोरगा खरं बोलतोय, आणि हेही कळलं होतं की दुपारी, पाटी हातात असताना, आपण काय केलं.

"टेप परत लावा, मॅडम," मामा म्हणाले.

"चौथ्यांदा?"

"हो. शेवटचा शब्द तेवढा ऐका."

"...जाऊ दे..."

"'दे'," मामा म्हणाले. "या पोरानं मला आजवर कधी 'दे' म्हटलेलं नाही. म्हणूच शकत नाही तो. जाऊ द्यायचं असतं तर तो 'जाऊ द्या' म्हणाला असता. 'दे' आलं याचा अर्थ पुढे 'ऊ नका' होतं. सरावाच्या टेपा असतीलच तुमच्याकडे. लावून बघा. तीन दिवसांत एक 'दे' सापडला तर मी माझं नाव बदलेन."

मॅनेजरबाईंनी डोळे मिटून घेतले.

सरावाच्या टेपा आणवल्या. लावल्या. 'थांबा, मामा.' 'बघा, मामा.' 'येऊ द्या, मामा.' आणि मग ते 'थांब... बा'. कडेच्या पंचांना हसू आवरेना, दाराशी उभा असलेला शिपाईही फिस्कन हसला. मुख्य पंच हसल्या नाहीत. त्या मामांकडे बघत होत्या.

"ठीक. शब्द अर्धवट आला होता, हे मी मान्य करते. पण पाटीवाले, हे तुम्हाला आत्ता कळलं की तेव्हाच कळायला हवं होतं?"

"तेव्हाच."

"मग?"

मामांनी टेबलाची कड धरली. हे बोलायला जड होतं, पण आता मागे फिरायला वाटही नव्हती. "मॅडम, तीन दिवस मी याच्या मागे हात धुऊन लागलो होतो. अहो-जाहो सोड, सरळ बोल म्हणून. आणि भर शर्यतीत कानात 'दे' आलं. मला वाटलं, सुटली एकदाची जीभ! शाब्बास रे पठ्ठ्या, असं मनात म्हटलं मी. आनंद झाला मला. तो ठरलेला शब्द नव्हता. दोनच शब्द, तिसरा आला की पाटी खाली, हा कायदा माझा. पंधरा वर्षं मी लोकांना तो घोकायला लावला. आणि त्या आनंदात पाटी उचलली गेली."

"उचलली गेली?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "की उचललीत?"

खाली लेनमधून कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, तिची करकर वर ऐकू येत होती.

"उचलली," मामा म्हणाले. "मी उचलली."

पंच आतल्या खोलीत गेले आणि वीस मिनिटांनी परत आले. निकाल छोटा होता. टीमचा निकाल रद्द. नजरवाल्यानं ठरलेले शब्द वापरले नाहीत, त्याला लेखी ताकीद. पाटीवाल्यानं न ठरलेल्या शब्दावर गाडी सोडली, चूक त्याची, पास एक वर्ष जप्त. मामांनी गळ्यातला पास काढला. दोरी कॉलरमध्ये अडकली, नीट निघेना. शेवटी शिपायानं मदत केली.

जिन्यात मॅनेजरबाई त्यांच्याशी एक शब्दही न बोलता पुढे निघून गेल्या. जावई मात्र मागे थांबला होता.

"का केलंत असं?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "चूक माझी होती, मामा. मी 'थांबा' म्हटलं असतं तरी..."

"तुझी होतीच," मामा फाडकन म्हणाले. "कोण म्हणतं नव्हती? तुझी तू निस्तर. मी माझी सांगितली, तुझ्यावर उपकार नाही केले. आणि बायकोला आधी फोन कर, ती तिकडे जीव मुठीत धरून बसली असेल."

जावयानं फोन लावला. दोन वाक्यं बोलून तो तसाच मामांच्या कानाला लावला. लेक नुसती हुंदके देत राहिली. मामा म्हणाले, "पुरे आता, पुरे." पण त्यांनीही फोन लगेच ठेवला नाही.

तिथून मामा सरळ हॉस्पिटलात गेले. जावयानं गाडीनं सोडलं. वर येतो म्हणाला तर मामांनी त्याला खालीच बसवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर नवऱ्याचे बूट घेऊन. मामांनी तिला पूर्वी एकदा चाकवाल्याला डबा आणून देताना पाहिलं होतं.

"तुम्हीच का ते पाटीवाले?"

"हो."

"चूक कुणाची ठरली?"

"माझी."

तिनं मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शिव्या देईल, निदान रडेल, असं मामांना वाटलं. ते त्यासाठीच आले होते म्हणा ना. ती म्हणाली, "गुडघा वाकणार नाही म्हणतात डॉक्टर. चाकवाल्याचा गुडघाच वाकला नाही तर त्यानं काय करायचं?"

"मला क्षमा करा," एवढं मामा कसंबसं म्हणाले.

"क्षमेचं नंतर बघू. तुमचं काम राहिलं का?"

"नाही. पास गेला."

"मग सकाळी नऊ ते तीन तुम्ही इथं यायचं. महिनाभर. मला कामावर जावं लागतं, आणि याला एकटं ठेवता येत नाही, उठायला बघतो. आज थोडा वेळ बसा, मी घरी जाऊन पोरांना जेवायला घालून येते." तिनं बूट मामांच्या हातात दिले, पर्स खांद्याला लावली आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

पंचांनी दिलेली शिक्षा मामांच्या अंगावर कोसळली होती. या बाईनं दिलेली त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. खरं सांगायचं तर त्यांना तिचे पाय धरावेसे वाटले.

आत चाकवाला डोळे मिटून पडला होता. पाय प्लॅस्टरमध्ये, वर टांगलेला. मामा दाराजवळच्या स्टुलावर बसले. बूट कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून मांडीवरच ठेवले.

"कोण आहे?" चाकवाल्यानं डोळे न उघडताच विचारलं.

"मी."

शेजारच्या पलंगावरचा म्हातारा खोकला, पुन्हा शांत झाला.

"हिनं बसवलं?"

"हो. उद्यापासून रोज. नऊ ते तीन."

"मी बोलणार नाही तुमच्याशी."

"नका बोलू."

"उद्याही नाही, परवाही नाही."

"बरं."

चाकवाल्यानं डोळे उघडले. ते छताकडेच होते. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानात जात होतं आणि पुसायला त्याचा हात वर येत नव्हता; एका हाताला सलाईन, दुसरा पट्ट्यात. मामांनी रुमाल काढला, पण पुढे व्हायचा धीर होईना.

"तिथं काय बसलात दाराशी," चाकवाला शेवटी म्हणाला. "स्टूल इकडे घ्या. केव्हाची तहान लागलीय मला."

मामा उठले. बूट पलंगाखाली ठेवले, ग्लासात पाणी ओतलं, एका हातानं त्याची मान उचलून धरली आणि दुसऱ्यानं ग्लास त्याच्या ओठांना लावला. थोडं पाणी हनुवटीवर सांडलं. चाकवाला सावकाश पीत राहिला, मधे थांबला, पुन्हा प्यायला, आणि तो "पुरे" म्हणेपर्यंत मामांनी ग्लास हलवला नाही.